आडोशाचा माणूस

शहरात ज्याला सगळेजण स्टुडिओवाला म्हणून ओळखत, त्याच्या अंतःकरणात मत्सराने प्रथम प्रवेश केला तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यात. दाढेवर रुमाल दाबून तो बाकावर बसला होता, आणि समोरच्या भिंतीवर समुद्राचे एक भव्य छायाचित्र टांगलेले होते. त्यातील लाटा लाटा राहिल्या नव्हत्या, त्यांचे धुके झाले होते. आणि त्या धुक्यातून काळे खडक असे वर आले होते, जसे पांघरुणातून झोपलेल्या माणसाचे गुडघे वर यावेत. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ज्याचे नाव होते, तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"कुठे दुखतंय?" आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारले.

"आता सगळीकडेच," तो म्हणाला.

डॉक्टर हसले आणि आरसा तोंडात घालता घालता म्हणाले, "तुमच्या भावाचं काम बघितलंत ना बाहेर? पेशंट ते बघत बसतात, तर ओरडत नाहीत. तुम्हीही काढता का हो तसलं काही?"

तोंडात आरसा असल्यामुळे स्टुडिओवाल्याला उत्तर देता आले नाही, हे एका परीने बरेच झाले.

वास्तविक धाकट्याच्या हातात पहिला कॅमेरा दिला होता तो त्यानेच. श्वास सोडून मग बटण दाबावे, कोपर बरगडीला टेकवावे, हे सर्व त्यानेच शिकवले होते. पुढे धाकटा रुग्णालयात एक्स-रे काढण्याच्या नोकरीला लागला. दिवसभर तो लोकांना "हलू नका, श्वास रोखा" असे सांगून मनात सेकंद मोजीत असे आणि सुट्टी आली की समुद्रावर जात असे. थोरला मात्र आपल्या स्टुडिओत पडद्यापुढे लोकांना स्टुलावर बसवून "हनुवटी थोडी वर" असे म्हणत आयुष्य कंठीत होता. लग्नसमारंभ होते, शाळांचे गट होते, परंतु त्याने काढलेले एकही छायाचित्र कोणी भिंतीवर अशासाठी लावले नव्हते की ते पाहून दाढदुखी विसरावी. जी लावली गेली होती ती बहुतेक गेलेल्या माणसांची होती.

दंतवैद्यानंतर वकिलांच्या कचेरीत एक दिसले, मग ग्रंथालयाच्या जिन्यात एक. थोरल्याला आता शहरात मान वर करून चालण्याचीच भीती वाटू लागली. म्हणून तोही समुद्रावर जाऊ लागला. भावाभावांनी मिळून एक मोठी काळी काच विकत घेतली. ही काच भिंगापुढे लावली की प्रकाश इतका अडतो की शटर कित्येक मिनिटे उघडे ठेवता येते, आणि तेवढ्या अवधीत जे जे हलते ते विरून जाते, जे स्थिर असते तेच उरते. दोघांत काच एकच असल्यामुळे ती आळीपाळीने वापरावी लागे, आणि ज्याची पाळी नसेल त्याने वाऱ्याच्या बाजूस उभे राहून दुसऱ्याच्या कॅमेऱ्याच्या तिपाईला आडोसा करावा, असा त्यांचा रिवाज पडला होता. कारण वाऱ्यापुढे तिपाईचे काही चालत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवला, पाय फाकवून वाळूत रोवले, खाली वजनाची पिशवी बांधली आणि ती लोंबकळून झोके घेऊ नये म्हणून जमिनीला टेकवली, तरीही एखादा झोत असा येतो की खडकाची धार दुहेरी उमटते आणि सर्व परिश्रम मातीमोल होतात.

अशातच बंदराच्या साहेबांनी कळवले की प्रवाशांसाठी बांधलेल्या नव्या दालनात समोरच्या भिंतीवर एक, आणि एकच, मोठे छायाचित्र लावायचे आहे. विषय होता जुन्या दीपस्तंभाखालचे खडक. शहरातील कोणीही छायाचित्र आणून द्यावे, साहेब निवड करतील.

"अहो, तुम्ही देणार का?" बायकोने विचारले.

"देणार म्हणजे? माझंच लागणार."

"आणि भाऊजी?"

"त्याच्या भिंती झाल्यात की भरपूर!" तो एकदम कडाडला. "अजून किती पाहिजेत त्याला?"

बायकोने पातेल्यावर झाकण ठेवले आणि ती शांतपणे म्हणाली, "मी फक्त विचारलं. तुमच्या नाकाला मिरच्या कशाला झोंबल्या?"

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी दोघे भाऊ दीपस्तंभाखाली पोहोचले. वारा असा सुटला होता की बोललेले शब्द ओठांवरूनच पळवून नेत होता. भरती चढत होती. ज्या सपाट खडकावर तिपाई उभी करायची तो थोड्याच वेळात पाण्याखाली जाणार होता, आणि सूर्यही क्षितिजाला टेकत आला होता. थोरल्याने हिशेब केला. चार मिनिटांचे एक त्याचे, चार मिनिटांचे एक धाकट्याचे. त्यानंतर उजेडही संपला आणि जागाही संपली.

"दादा, आधी तू लाव," धाकटा म्हणाला. "मी आडोसा धरतो."

डाव्या हाताला दोन खडकांच्या मध्ये एक खाच होती आणि वाऱ्याचा झोत तिच्यातूनच येत असे. धाकटा त्या खाचेच्या अलीकडे, चौकटीच्या बाहेर, आपला रेनकोट दोन्ही हातांनी पसरून उभा राहिला. थोरल्याने आधी भिंग फिरवून खडक स्पष्ट करून घेतले, भिंगावरचे तुषार फडक्याने टिपले, मग काळी काच चढवली. काच चढली की कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. त्याने हातातील रिमोटचे बटण दाबले व शटर उघडले.

पहिली दोन मिनिटे त्याच्या मनात केवळ समुद्र होता. तिसऱ्या मिनिटाला त्याने धाकट्याकडे एकवार पाहिले. वाऱ्याने त्याचे केस उभे राहिले होते, नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होते, तरी तो पश्चिमेकडे असा पाहत होता की जणू पुढच्या चार मिनिटांत काय काढायचे ते त्याच्या डोळ्यांपुढे आधीच टांगलेले आहे. बस्स! त्या एका पाहण्याने थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्या भिंगापुढे काच गेली की हे आकाश याचे होणार, आणि मग आपण काढलेले कोण पाहणार?

चार मिनिटे झाली. त्याचा अंगठा बटणावर होता. त्याने तो न दाबताच उचलून घेतला.

उजेड उतरतच होता, त्यामुळे आणखी काही मिनिटांनी चित्र बिघडणार नव्हते. हे त्याला ठाऊक होते. बिघडणार होते ते धाकट्याचे. त्याने घड्याळावर डोळे रोवले आणि वर पाहिलेच नाही. पाच. वारा किंचित फिरला. बाजूला बुटांची करकर झाली, परंतु त्याने मान उचलली नाही.

"दादा, झालं का?" असा एक आवाज आला.

"अजून!" तो ओरडला.

त्यानंतर आवाज आला नाही. आठ मिनिटांनी त्याने शटर मिटले, तेव्हा पाणी तिपाईच्या पायांशी आले होते आणि क्षितिजावर राखेसारखा रंग उरला होता. धाकटा आखडलेले हात चोळीत आला, त्याने आकाशाकडे पाहिले, आणि काळी काच हातात घेऊन तिच्यावरचे मीठ पुसत म्हणाला, "चल, पाणी चढतंय. आज माझं नाही व्हायचं."

त्याच्या स्वरात रागाचा लवलेश नव्हता. थोरल्याला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडल्याबरोबर त्याने चित्र संगणकावर घेतले, आणि त्याच्या तोंडात मारल्यासारखे झाले. समुद्राचे धुके उत्तम साधले होते, खडकाची धार सुरीसारखी होती. परंतु डाव्या बाजूस, खाचेच्या तोंडाशी, धाकटा उभा होता! वारा फिरला तसा तो झोत बंद करण्यासाठी पुढे सरकून खाचेत जाऊन उभा राहिला होता, आणि आपण चौकटीत आलो हे त्याला तेथून कळले नव्हते. कॅमेऱ्याचा पडदा काळा होता, आणि थोरल्याला तर वर पाहायचेच नव्हते. चार मिनिटांवर शटर मिटले असते तर तो चित्रात आलाच नसता. उरलेल्या वेळात तो असा निश्चल उभा राहिला होता की खडकांच्या बरोबरीने उमटला होता. रेनकोटच्या कडा वाऱ्याने विरघळल्या होत्या, गुडघ्यांखाली पाण्याचे धुके होते, आणि मधला माणूस तेवढा होता.

थोरला खुर्ची ओढून कामाला लागला. नको ते पुसणे हा तर त्याचा रोजचा धंदा. मुरुमे, तीळ, घटस्फोटानंतर गटचित्रातून जावई, हे सर्व त्याने आजवर सफाईने नाहीसे केले होते. भाऊ पुसायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मग तो मागे रेलून पाहू लागला.

चित्र मेले होते. खडक डोंगराएवढे आहेत की पायरीच्या दगडाएवढे, हेच कळेना. वारा होता कुठे? थंडी कुठे होती? त्याने धाकट्याला परत आणले, आणि सबंध समुद्र गार पडला. पुन्हा पुसले, पुन्हा आणले. असे त्याने किती वेळा केले याला गणती नाही. स्वतःच्या चित्रातील सर्वांत उत्तम गोष्ट धाकटाच असावा, याहून मोठी विटंबना त्याच्या कल्पनेत येत नव्हती.

दुपारी दोन्ही प्रती काखोटीला मारून तो धाकट्याच्या घरी गेला. धाकटा गरम पाण्यात पाय सोडून बसला होता आणि शिंकत होता.

"कुठली देऊ?" थोरल्याने दोन्ही पुढे ठेवल्या.

धाकट्याने आधी स्वतःला पाहून कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी फ्रेममध्ये? सॉरी दादा, तुझी वाट लावली मी."

"ते सोड. कुठली ते सांग."

धाकट्याने दोन्ही प्रती खिडकीपाशी उजेडात धरल्या. त्याचा चेहरा बदलला. तो भावाचा राहिला नाही, काम पाहणाऱ्याचा झाला. "ही," तो म्हणाला, आणि त्याचे बोट चित्रातल्या स्वतःच्याच छातीवर होते. "दुसरीत काही नाही रे. मी आहे म्हणून नाही म्हणत. तिथे कोणीतरी पाहिजेच. बापरे, काय धार आलीय! दादा, हे माझ्याच्याने नसतं झालं."

ही स्तुती इतकी खरी होती की थोरल्याला ती सहन झाली नाही. तो पाणीसुद्धा न घेता उठला.

बंदराच्या नव्या दालनात अजून रंगाचा वास होता. साहेबांच्या टेबलावर बरीच चित्रे आली होती. थोरल्याने आपले मांडले तेव्हा साहेब वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"समुद्र काय हो, आम्ही रोजच बघतो," ते अखेर म्हणाले. "पण हा उभा आहे ना, त्याच्यामुळे वारा दिसला. हेच लावू. कोण आहे हा?"

"कोणी नाही" असे म्हणण्यास केवळ जीभ हलवावी लागली असती. पण थोरला म्हणाला, "भाऊ आहे माझा. धाकटा."

चित्र लागले त्या दिवशी थोरला बायकोला घेऊन दालनात गेला. धाकटाही रुग्णालयातून परस्पर तेथे आला होता. चित्र भिंतभर झाले होते. जो येई तो आधी डावीकडे पाही.

"भाऊजी किती रुबाबदार आलेत!" बायको म्हणाली. "अहो, घरी लावायला एक छोटं करा ना."

थोरल्याने दात आवळले. भिंत त्याची, नाव त्याचे, आणि नजरा मात्र ज्याला मागे टाकण्यासाठी त्याने हा सर्व उपद्व्याप केला त्याच्याच वाट्याला. इतक्यात साहेबांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "किती वेळ उभे होता हो असे?"

"आठ मिनिटं," धाकटा म्हणाला.

"अबब! एवढा वेळ लागतो?"

"दादालाच विचारा. तोच खरा यातला."

तो 'खरा' हा शब्द थोरल्याला असा बोचला की त्याच्याने राहवले नाही. "चार लागतात," तो म्हणाला. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "बाकीची चार याची होती. उजेड जाईपर्यंत मी मुद्दाम शटर मिटलं नाही."

साहेबांना यातील काही समजले नाही. ते हसून दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. बायकोला समजले. ती नवऱ्याकडे पाहतच राहिली.

धाकटा चित्राकडे पाहत होता. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "मीपण मोजत होतो. दिवसभर दुसरं करतो काय मी?"

"मग बोलला का नाहीस? चांगलं खडसावायचंस!"

"शटर उघडं होतं ना, दादा. बोललो असतो तर भांडलो असतो, आणि भांडताना कोण स्थिर उभं राहतं?"

थोरला भिंतीकडे वळला. खाचेतला माणूस भरतीत तसाच उभा होता. त्याच्या कामाचा, कीर्तीचा आणि डोळ्याचा हेवा थोरल्याने मनसोक्त केला होता. आता त्याच्या त्या उभे राहण्याचाही हेवा वाटू लागला, आणि हा सगळ्यांत जड होता.