जावयाच्या गाडीचे टायर

‘‘गाडी कोनती म्हनलास?’’ बन्सीने पुन्हा विचारलं.

‘‘दोन शिटाची. लाल. वरून उघडी,’’ राधाकिशन म्हणाला आणि पोत्यात गुंडाळून एसटीतून आणलेला जुना टायर त्याने काउंटरपुढं ठेवला.

बन्सीला हसू आवरेना. नगरच्या त्याच्या दुकानात कडा-आष्टीकडचं गिऱ्हाईक यायचं ते ट्रॉलीचे टायर मागायला, आणि त्या वर्षी तर फक्त पाण्याच्या टँकरचे. राधाकिशनला तो ओळखत होता साखर कारखान्याच्या टायर सेक्शनचा माणूस म्हणून. उसाच्या वजनाखाली फाटलेले, माणसाच्या छातीएवढे टायर घेऊन येणारा माणूस. त्याने हा एवढासा टायर पुढं ठेवणं म्हणजे पैलवानानं बाळाचं टोपडं मागितल्यातली गत.

‘‘टायर हाय का अनारसा रं हा?’’

‘‘अनारशापायीच चाललंय समदं. जावई आलेत धोंडे जेवायला.’’

दुष्काळात तेरावा महिना ही म्हण राधाकिशनने जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती. त्या वर्षी ती त्याच्याच दारात येऊन बसली. श्रावण कोरडा गेला आणि मागून अधिक भाद्रपद आला. ऊस जागेवर वाळला होता, त्यामुळे कारखान्यात काम असं नव्हतंच. राधाकिशन आपल्या गावी, कड्याला, रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत बसायचा. पण धोंड्याचा महिना दुष्काळ बघून येत नाही, आणि जावई तर मुळीच नाही.

जावई आबासाहेब पुण्यात प्लॉटिंगचा धंदा करायचा. राधाकिशनच्या लेकीला, शिवकन्येला, घेऊन तो आदल्या संध्याकाळी आला तो त्या लाल गाडीतून. फायबरच्या अंगाची, जमिनीला टेकलेली गाडी. सारी आळी बघायला लोटली. चौघांनी उचलून ओसरीवर ठेवू का, असंही कुणीतरी विचारून घेतलं. चहा पिता पिता आबासाहेब म्हणाला, ‘‘मामा, मला सोनंनाणं काही नको. तुम्ही टायरमधले माणूस. गाडीला चार टायर घाला, एवढंच वाण द्या.’’

राधाकिशनला केवढं बरं वाटलं! लग्न होऊन चार वर्षं झाली, पण जावयाने त्याला त्याच्या कामातलं काही विचारावं असं कधी घडलं नव्हतं. रात्री त्याने बायकोला, सत्यभामेला, दोनदा सांगितलं, ‘‘मानूस मनानं चांगला हाय बरं का.’’

सकाळी त्याने मापासाठी पुढचा डावा टायर काढला. टायर हातात घेतला की तो त्याच्यावरून तळवा फिरवायचा, सवयच होती. मधली नक्षी चांगली शाबूत होती आणि बाहेरची कड मात्र पार खाल्लेली, आतला धागा दिसायला लागलेला. नीट चालवलेल्या गाडीचा टायर असा झिजत नाही. वेग कमी न करता वळणावर गाडी घातली, की ती बाहेर ओढली जाते आणि त्या कडेवर घासते. एकदोन वेळा नव्हे, रोज घातली की मग अशी कड जाते. दुसऱ्या बाजूचा टायर त्याने वाकून पाहिला. तोही तसाच, जरा कमी. डावीकडचा जास्त. डावीकडे शिवकन्या बसते.

ती चहा घेऊन आली तेव्हा टायर त्याच्या मांडीवरच होता.

‘‘गाडी लई पळवतेत का गं?’’

शिवकन्येने आधी घराकडं पाहिलं. आबासाहेब आत मोबाइलवर बोलत होता.

‘‘एरवी न्हाई, आण्णा. बोलाचाली झाली की पळवतेत. तोंडानं काई बोलत न्हाईत. मला गाडीत बसवतेत आन् पळवतेत. मी डोळे मिटले की आजून.’’

‘‘कावून?’’

‘‘मी भ्यावं म्हनून.’’ तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. ‘‘शिरूरच्या अलीकडं एकदा ट्रॉलीखालीच गेलतो. आईला सांगू नका.’’

‘‘मी बोलतो त्यायला.’’

‘‘नका, आण्णा. परत त्याच गाडीत बसून जायचंय मला.’’

राधाकिशनच्या हातातला चहा निवून गेला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या जॅकवर उचलणारा माणूस, पण स्वतःच्या लेकीखालून ती एक गाडी काढून घेणं त्याला जमणार नव्हतं. त्याने टायर पोत्यात गुंडाळला आणि एसटी धरली.

‘‘आता बोल, कसला देऊ?’’ बन्सीने दोन टायर आणून ठेवले. ‘‘हा कडक हाय. तीन वर्सं बघायचं काम न्हाई. आन् हा मऊ. रस्ता धरतो, पन लवकर झिजतो.’’

राधाकिशनचा हात आपोआप कडक टायरकडं गेला. जन्मभर त्याने ओझं पेलणारे टायर निवडले होते. जाड, कडक, दगडाला दगड.

‘‘पोरगी बसती त्या गाडीत,’’ तो म्हणाला. ‘‘दनकट पायजे.’’

‘‘अरे, उसाची ट्रॉली हाय का ती? हलकी गाडी. तिला वजनच न्हाई, तर एवढा कडक टायर रस्त्याला दाबल कोन? बिरेक मारला की बर्फावानी घसरंल.’’

राधाकिशन दोन्ही टायरांत अंगठा रुतवून बघत राहिला. एकात नख शिरेना. दुसरा दबला आणि सावकाश वर आला.

‘‘बिरेक मारल्यावर लवकर थांबल तो कोनता?’’

‘‘मऊ.’’

‘‘आन् वळनावर?’’

‘‘तिथं बी त्योच. चिकटून ऱ्हाईल.’’

‘‘मग ह्येच दे. चारी.’’ त्याला एकदम हायसं वाटलं. जावयाचा स्वभाव बदलणं त्याच्या हातात नव्हतं, लेकीच्या संसारात तोंड घालणं हातात नव्हतं. पण गाडी आणि रस्ता यांच्यात जी चार बोटं जागा असते, ती तर त्याच्या हातातली होती. तिथं तो लेकीच्या बाजूने उभा राहणार होता. टेम्पोत टायरांशेजारी बसून परत येताना तो मनातल्या मनात देवाचे आभारही मानत होता.

जेवणाआधी त्याने चारही टायर स्वतः बसवले. हवा बघितली, पुन्हा बघितली. मग टँकरच्या पाण्यातून राखून ठेवलेल्या तांब्याभर पाण्याने सत्यभामेने जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. धोंडे झाले, अनारसे झाले. आबासाहेब पोटभर जेवला आणि म्हणाला, ‘‘मामा, एक चक्कर मारून येतो. शिवकन्या, चल.’’

ती पदराला हात पुसत गेली.

दोघं परतली तेव्हा आबासाहेबाचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. तो उडी मारून उतरला आणि त्याने राधाकिशनचा हात धरला.

‘‘मामा, मानलं तुम्हाला! काय टायर काढलेत! आष्टी रोडच्या वळणावर ब्रेकला पायच लावला नाही. एवढ्या स्पीडला गाडी हललीसुद्धा नाही. आता खरी मजा आहे बघा.’’

 गाडीतून शिवकन्या अजून उतरली नव्हती. दाराचा वरचा काठ तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि बापाकडं बघून ती हसायचा प्रयत्न करत होती. आपण काय करून बसलो ते तेव्हा राधाकिशनला कळलं. घसरायची भीती होती तोवर जावयाचा पाय कुठंतरी अडखळत होता. ती भीतीच त्याने काढून दिली होती. आणि कडक टायर घेतला असता तर? तर गाडी घसरली असती. कोणताही टायर घेतला असता तरी स्टेअरिंग जावयाच्याच हातात होतं.

‘‘जावईबापू,’’ तो कसाबसा म्हणाला, ‘‘पोरीला आठ दिस ऱ्हाऊ द्या हितं. आईला बरं वाटंल.’’

‘‘राहू द्या की!’’ आबासाहेब हसला. त्याच्या हसण्यात राग अजिबात नव्हता. ‘‘पण मामा, इथं प्यायला पाणी टँकरचं. हिला आंघोळीला तरी मिळतंय का? हाल करायला ठेवू का बायकोला?’’

 आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सकाळीच शिवकन्या दोन घागरींसाठी बायांशी भांडून आली होती, आणि ते आबासाहेबाने पाहिलं होतं. सत्यभामाही म्हणाली, ‘‘जाऊ द्या, तिच्या घरी ती सुखात हाय.’’ शिवकन्येने मान हलवली. अनारशांचा डबा ठेवायला गाडीत जागा नव्हती, तो तिने मांडीवर घेतला.

‘‘पोचल्यावर मिसकॉल दे,’’ राधाकिशन म्हणाला.

‘‘देते, आण्णा.’’

तो जावयाच्या बाजूला गेला. खूप काही बोलायचं होतं. ‘‘टायर नवे हायेत,’’ तो म्हणाला, ‘‘पयल्यांदा जरा दमानं चालवा. घासून बसूस्तोवर.’’

‘‘हो हो, मामा. काळजीच करू नका.’’

गाडी गेली. ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धूळ खाली बसली, बघायला आलेली माणसं आपापल्या घरी गेली आणि राधाकिशन आपल्या पंक्चरच्या टपरीपुढं बाजेवर येऊन बसला. हा रस्ता त्याला तोंडपाठ होता. कारखाना चालू असताना कुठल्या वळणावर ट्रॉली उलटते, कुठं टायर फुटतो, हे त्याच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं. अशा प्रत्येक ठिकाणी तो जॅक घेऊन गेला होता.

सत्यभामा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

‘‘कुठवर गेले असतेल आता?’’

‘‘चिचोंडीच्या वळनाला,’’ तो म्हणाला.

तिने तांब्या पुढं केला. त्याने तो घेतला नाही. तो समोर रस्त्याकडं बघत होता आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर जोरात दाबलेला होता, इतका की पिंढरीची शीर वर आली होती. टाच मातीत रुतली होती.

‘‘आवो, पायाला काय झालं?’’

‘‘काई न्हाई.’’

 तांब्या खाली ठेवून सत्यभामाही बाजेच्या कडेला बसली. त्याने पाय जरा सैल केला, आणि पुन्हा दाबला. पुढं आठवडचं वळण होतं.