जाळीतलं झाड

हॉलिसकाकासारखा हट्टी माणूस अख्ख्या अ‍ॅपलाचिकोला नदीकाठी सापडायचा नाही. दुपारी वादळ धडकणार, शेजारीपाजारी कधीच पळालेत, आणि हा म्हातारा बंदूक घेऊन झाडाखाली बसलाय!

झाड टोरेयाचं, सुईसारख्या पानांचं. पानं चुरगाळली की घाण वास येतो, पण जगात ते आमच्या या नदीकाठच्या कड्यांवरच उरलेलं. रानातली सगळी बुरशीने गेली. बिया धरणारं आता हे एकच, काकाच्या अंगणातलं. खारी बिया पळवतात म्हणून त्याने झाडाला वरपासून खालपर्यंत तारेची जाळी घातलेली.

"रोना, बादली घेऊन आलीस तशी परत जा," काका म्हणाला.

"झाड पडलं तर वंश बुडेल, काका. बिया दे. उत्तरेला डोंगरात नेऊन लावते."

"इथलं झाड इथेच राहील."

"इथलं कसलं! हिमयुगात उत्तरेला बर्फ साचला, तेव्हा जीव वाचवायला इकडे आलेलं ते. बर्फ गेला, ओक परतले, मेपल परतले. हे बिचारं मागेच राहिलं, आता उकाड्याने मरतंय. खारी म्हणजे त्याचे पाय, आणि त्यांनाच तू जाळी लावलीस!"

"जगबुडीच्या वेळी नोहाने तारू याच लाकडाचं बांधलं, माझा बाप सांगायचा."

"मग पूर आल्यावर नोहा काय अंगणातच बसून राहिला?" मी भडकलेच.

तेवढ्यात रस्त्याकडेचा पाइन कडाडून आडवा पडला. काकाने बंदूक ठेवली आणि शिडी आणली.

"चढ. मी धरतो."

जाळी कापताना हात सोलून निघाले. फांद्या तोंडावर सपासप बसत होत्या. मी बिया ओरबाडून बादलीत टाकत होते.

"उतर गं भवाने!" काका ओरडला.

"एकच फांदी!" म्हणाले, आणि बुंधा करकरला. मी उडीच मारली. बादली कलंडली, बिया चिखलात पसरल्या. घराकडे धावले, मागे बघते तर काका चिखलात रांगतोय, डोक्यावरून पत्रे उडताहेत.

"काका, मरू देत त्या बिया!"

"तुझ्या बापाच्या आहेत का?"

शेवटी कॉलर धरून त्याला ओढत बिनखिडकीच्या न्हाणीघरात आणलं आणि दार लावलं. झाड पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. काका टोपी छातीशी धरून हमसून हमसून रडला. टोपी बियांनी भरलेली होती.

सकाळी त्याने आरीने पाइन कापून रस्ता मोकळा केला आणि न विचारता माझ्या गाडीत येऊन बसला, टोपी मांडीवर. आयुष्यात जिल्ह्याची हद्द न ओलांडलेला माणूस!

हद्दीची पाटी मागे पडल्यावर म्हणाला, "तिकडे बर्फ पडतो ना गं? याला आठवत असेल का?"

मला रडू आवरेना. "आठवेल, काका," म्हटलं आणि गाडी हळू चालवली.