तीन इंच

ऑरिनने मासेमारीचा डबा उपसून त्यातली शिशाची वजनं एकेक करून मोज्यांत घातली आणि मोज्यांच्या तोंडाला गाठी मारल्या. नुसती ठेवली असती तर चालताना वाजली असती, आणि त्याच्या बायकोचे, आर्डिसचे कान असे की शेजारच्या लोवेलने त्याच्या घरात बरणीचं झाकण उघडलं तरी हिला इकडे कळायचं. काही मोजे पाठीवरच्या पिशवीत गेले, काही जाकिटाच्या आत, उरलेले जाकिटाखाली कमरेच्या पट्ट्याला लटकले. आयुष्यभर लाकूडगिरणीत ओंडके ढकललेला माणूस, पण एवढं ओझं घेऊन गॅरेजच्या दोन पायऱ्या उतरताना त्याला धाप लागली.

हा सगळा खटाटोप मागच्या शॉकअपसाठी होता. गाडी चाळीस वर्षांची, लाल, पुढे एक आणि मागे दोन फुगीर चाकं. दर सप्टेंबरात नॉर्थ बेंडच्या वाळूत अशा जुन्या तीनचाक्यांचा मेळावा भरायचा, आणि त्याआधी गाडी मागून किती बसते ते बघावं लागायचं. रीत साधी होती. गाडी मागून उचलून चाकं लोंबती ठेवायची आणि एक्सलपासून मडगार्डापर्यंत टेप लावायचा. मग गाडी खाली टेकवून चालवणाऱ्याने हेल्मेट, बूट, पिशवी सगळं चढवून वर बसायचं आणि पुन्हा टेप लावायचा. तीन इंचांचा फरक आला की झालं. जास्त आला तर स्प्रिंगवरची रिंग आवळायची, कमी आला तर सैल करायची. एकट्याने हे जमत नाही, कारण जो बसला आहे त्याला वाकून मोजता येत नाही. इतकी वर्षं वाकायचं काम आर्डिसकडे होतं, आणि गेल्या वर्षीचा आकडा तिला नवऱ्याच्या वाढदिवसापेक्षा पक्का आठवायचा.

नेमकी इथेच पंचाईत होती. मार्चपासून ऑरिन वाळत चालला होता. पस्तीस पौंड उतरले होते. जेवण कमी केलंय, असं तो सांगायचा, एकावर एक दोन शर्ट घालायचा, आणि बिघडला म्हणून वजनकाटा त्याने जुलैत टाकून दिला होता. काटा बिघडला नव्हता. सोमवारी दवाखान्यात त्याच्या पोटात नळी घालून बघणार होते. डॉक्टरीणबाई बोलताना हसल्या नव्हत्या, आणि त्या एरवी हसऱ्या होत्या. मेळावा शनिवारी होता. ही एक फेरी मारू आणि रविवारी बायकोला सगळं सांगू, असं त्याने ठरवलं होतं. आधी सांगितलं तर ती गाडीचा प्लग काढून खिशात टाकेल याची त्याला खात्री होती, आणि सोमवारनंतर पुन्हा कधी गाडीवर बसता येईल याची मुळीच नव्हती.

"बस," आर्डिस म्हणाली.

"बसलोय की."

"हे काय बसणं? न्हाव्याकडे बसल्यासारखा बसू नकोस. चालवताना बसतोस तसा बस."

तो पुढे सरकला. ती गुडघ्यावर टेकली, टेप लावला, चष्मा वर केला, परत लावला.

"सव्वातीन."

"गेल्या वर्षी?"

"सव्वातीनच. वजन उतरवलं म्हणतोस आणि आकडा जागचा हलत नाही, हे कसं?"

"हेल्मेट जड आहे."

"डोकं तर हलकं आहे."

ऑरिन हसला. ती हसली नाही. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पाना घेतला. "स्प्रिंग म्हातारी झाली. एक फेरा आवळते."

एक फेरा आणखी आवळला, तोही अंगावर नसलेल्या वजनासाठी. याचा अर्थ ऑरिनला चांगला ठाऊक होता. मागून ताठ झालेली तीनचाकी उंचवट्यावर ढुंगण उडवते, सगळा भार पुढच्या एकुलत्या चाकावर येतो आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. गळ्याचं हाड मोडलेले दोघेतिघे त्याच्याच ओळखीत होते. हळू जाऊ, निभावून नेऊ, असं तो मनाशी म्हणाला. खोटं बोलायला निघालेला माणूस स्वतःशीही बोलतोच. संध्याकाळी सूप पिऊन तो खुर्चीतच झोपला, हल्ली तो असाच झोपायचा.

शनिवारी धुकं उठता उठता मंडळी वाळूवर जमली. कोणीतरी शिंपल्यांच्या सुपाचं पातेलं चढवलं होतं, आणि लोवेल सगळ्यांना स्वतःच्या गाडीचा आवाज ऐकवत हिंडत होता. ऑरिनने पिकअपच्या आडोशाला अंगावरचे शिशाचे मोजे काढले, सीटखाली सारले आणि तीनचाकी सुरू केली.

सपाटीवर काही कळलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी पहिला उंचवटा आला तेव्हा त्याने दात आवळले आणि हात ताठ केले. गाडी मागून बसली, उठली आणि पुढे गेली. दुसऱ्या उंचवट्यावरही तसंच झालं. तिसऱ्यावर त्याने मुद्दाम थोडा वेग दिला. मागची चाकं वाळू सोडत नव्हती. गाडी त्याच्याखाली अशी बसत होती जशी ती जाड्या ऑरिनखाली बसायची, आणि ऑरिन तर आता जाडा नव्हता.

माथ्यावर त्याने इंजिन बंद केलं. समोर समुद्र होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. खाली वाकून त्याने स्प्रिंग पाहिली. रिंग चांगली चारपाच फेरे मागे आली होती. म्हणजे तिला माहीत होतं. तिला माहीत होतं आणि तिने त्याला येऊ दिलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा किती तरी जास्त सुटल्यासारखं वाटलं. डोळे पुसायला हेल्मेट काढावं लागलं.

तो खाली आला तेव्हा आर्डिस पिकअपच्या मागच्या फळीवर बसून कॉफी पीत होती. तो शेजारी बसला.

"रिंग कधी सोडलीस?"

"तू खुर्चीत घोरत होतास तेव्हा. तुझे कपडे घालून मी बसले, लोवेलने टेप धरला. माझं वजन आता त्याला कळलंय. कुठे बोलला तर मी त्याची बोट बुडवीन."

"तू बसलीस?"

"तुझी नवी जीन्स मला बरोब्बर येते, ऑरिन. गेल्या वर्षीच्या जीन्समध्ये आपण दोघं मावलो असतो."

"अडवलं का नाहीस?"

"थांबला असतास?"

"नाही."

"मग निदान नीट तरी जावंस. सोमवारी साडेसातला पोचायचंय, उपाशीपोटी. दवाखान्यातून घरी फोन आला होता. गाडी मी चालवणार."

"फोन कधी आला?"

"गुरुवारी. पण मला फोनची गरज नव्हती." तिने कप खाली ठेवला. "गादी तुझ्या बाजूला बसलेली असते. लग्न झाल्यापासून मी झोपेत तुझ्याकडे घरंगळत आले, सकाळी उठून तुला शिव्या दिल्या. या उन्हाळ्यात एक दिवस जाग आली तर मी माझ्याच जागेवर होते. तेव्हापासून रोज तिथेच असते."

तिने नाक पुसलं आणि वाळूकडे बघत राहिली. ऑरिनने तिचा हात हातात घेतला. त्याच्या हाताची हाडं तिला बोचत असणार, पण तिने हात काढला नाही.

"मग आता मी तुझ्याकडे सरकत जाईन," तो म्हणाला.

"सरक. पण हळू. मला झोपू दे."