व्यवसाय : पाणी धरणे

मामाच्या वकिलीच्या कचेरीत मी टायपिंग करते. मी जोरात टाइप करते, म्हणजे आवाज जोरात येतो. वेगाबद्दल मी कधीच दावा केलेला नाही. त्या दिवशी अर्ज टाइप करताना माझ्याकडून वरच्या तीन रकान्यांतला मजकूर खाली गेला आणि खालच्या तिन्हींतला वर आला. विनंती सोडून सहाच रकाने होते, म्हणून तेवढ्यावर भागलं.

अर्ज मावशीचा होता. मावशी म्हणजे मामाची थोरली बहीण. तिचं तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान आहे, चार मशिनं, आणि दुकानामागे दलदल. वरच्या अख्ख्या उताराचं पाणी दुकानाच्या कडेने त्या दलदलीत जातं आणि जिरतं. हल्ली पाऊस पूर्वीसारखा वागत नाही. महिन्याभराचा एका दुपारीच पडून मोकळा होतो. तरी मावशीच्या दुकानात थेंब शिरला नव्हता.

आता एका कंपनीला दलदलीवर वाहनतळ बांधायचा होता. परवान्यात जागेचं वर्णन होतं : ‘कोरडी, पडीक’. सोमवारी भरावाचे डंपर येणार होते. दलदल बुजली की पाण्याला जायला मावशीचं दुकानच उरणार, हे कंपनी सोडून सगळ्यांना कळत होतं.

कायदा मावशीच्या बाजूने होता. नवाकोरा कायदा. हवामान बिघडत चाललंय, म्हणून पाणी धरून ठेवणाऱ्या जागा बुजवायच्या नाहीत, असं त्यात सरळ लिहिलेलं. पण कायदा स्वतःहून डंपरसमोर जाऊन उभा राहत नाही. त्याला न्यायालयातून कुणीतरी बोलवावं लागतं.

शुक्रवारी आमचा पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला.

“अर्जदाराचं नाव : दलदल. वय : आजीच्या आजीच्याही आधीपासून. व्यवसाय : पाणी धरणे.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पंखा चांगला होता.

“वादातील जागा : मावशी,” बाई पुढे वाचू लागल्या. “किती वर्षांपासून : बासष्ट. सध्याचा वापर : कपडे शिवणे. विनंती : सदर जागेवर भराव टाकू नये.”

“मी जागा?” मागच्या बाकावरून मावशी उठली. “बासष्ट वर्षांत लोक मला काय काय म्हणाले, पण जागा नाही कुणी म्हणालं!”

“ताई, खाली बस,” मामा कुजबुजला.

“तुला काय जातंय बस म्हणायला? तुझ्यावर नाही गाड्या लावणार ते!”

कंपनीचा वकील उभा राहिला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की त्यांत पंखा दिसत होता. “मॅडम, अर्जदार धरणे धरते हे अर्जातच कबूल केलंय. परवानगी घेतली होती का?”

“तसलं धरणे नाही हो,” मामा म्हणाला. “पाणी धरणे.”

“म्हणजे पाण्यासाठी धरणे.”

“पाण्यासाठी नाही. पाणीच.”

“मागण्या काय आहेत तिच्या?” बाईंनी गंभीरपणे विचारलं.

“एकच, मॅडम. बसू द्यावं.”

बाईंनी ते लिहून घेतलं. कंपनीचा वकील म्हणाला, “ते काहीही असो, अर्जदार आज गैरहजर आहे. अर्ज निकालात काढावा.”

आता मात्र मी पंख्यावरून नजर काढली. नियम तसाच होता. अर्ज फेटाळला तर नवा अर्ज सोमवारनंतरच, आणि सोमवारनंतर दलदल नाही. माझ्या टायपिंगने आजवर बरंच नुकसान केलंय, पण चार मशिनं एकदम कधी बुडवली नव्हती.

“ती चालू शकत नाही,” मी मामाच्या कानात म्हणाले.

“अर्जदार वृद्ध आहे, मॅडम,” मामा खाकरून म्हणाला. “चालू शकत नाही.”

“मग तिच्या घरी जाऊन जबाब घेता येतो,” बाईंनी फाईल मिटली. “चला.”

दलदलीपाशी पोचलो तेव्हा मामाचा चेहरा उतरला. तीन आठवडे कडक ऊन होतं. वर गवत, खाली भेगाळलेली माती. पाण्याचा मागमूस नाही.

शिपायाने रीतसर पुकारा केला. “दलदल हजर आहे काऽऽ?”

काही नाही.

“दलदल हजर आहे काऽऽ?”

एक बगळा उठून गेला, बहुधा साक्षीला घाबरून.

“मॅडम, परवान्यात काय चूक आहे सांगा,” कंपनीचा वकील आनंदाने पुढे निघाला. “ही बघा, कोरडी ठणठणीत—”

“दलदल हजर आहे काऽऽ?”

डुबुक.

वकील गुडघ्यापर्यंत आत होता. भोवतालच्या भेगांतून काळं पाणी हळूहळू वर येत होतं.

“हजर,” शिपाई म्हणाला. कारकुनाने नोंद केली.

“आपलं आणखी काही म्हणणं?” बाईंनी विचारलं.

“मॅडम, माझा एक बूट—”

“तो पुरावा म्हणून राहू द्या.”

तिथेच उभ्या उभ्या बाईंनी आदेश सांगितला : भराव बंद, परवान्याची फेरतपासणी. मामा हात जोडून म्हणाला, “मॅडम, रकान्यांची चूक लगेच दुरुस्त करून देतो.”

“कशाला? कंपनीने जागेचा पत्ता बरोबर लिहिला आणि बाकी सगळं खोटं. तुमच्या अर्जात निदान व्यवसाय तरी खरा आहे. फक्त अर्जदाराला सही येत नाही, तेव्हा पालक नेमावा लागेल.”

“वयाची अट?” मावशीने विचारलं.

“नाही.”

“मग माझं नाव घाला. आजीच्या आजीपेक्षा मोठं लेकरू. निदान शाळेत तरी पोचवायला नको.”

परवाना दोन महिन्यांनी रद्द झाला. त्यानंतर एका मंगळवारी महिन्याभराचा पाऊस एकदम आला. आम्ही चारही मशिनं टेबलांवर चढवली आणि दारात उभ्या राहिलो. उतारावरून गढूळ लोंढा आला, पायरीला लागला, घुटमळला आणि कडेने वळून मागे निघून गेला.

फोन वाजला. एका गिऱ्हाइकाला विचारायचं होतं, दुकान बुडालं का.

“छे हो,” मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. “आमची लेक कामावर गेलीय. संध्याकाळी या, पँट तयार आहे.”