जाळ्याजवळची बदकीण

मित्रांनो, मी एक जुनी बदकीण आहे. खरं तर म्हातारी म्हणायला हवं, पण आमचा मालक मला त्याच्या जाळ्या-सुऱ्यांसारखी एक वस्तूच समजतो, म्हणून मीही जुनीच म्हणते. रंगाने पांढरीशुभ्र, चालीने फेंगडी, आणि आवाज असा की नदीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जावा. या आवाजावर एक अख्खं घर पोसलं गेलं. उगाच बढाई मारत नाही.

माझं काम हाक देण्याचं. थंडी पडली की रानबदकांचे थवे आमच्या नदीवर येतात. पहाटे मालक माझ्या पायाला दोरी बांधतो, उथळ पाण्यातल्या खुंटीला मला अडकवतो आणि स्वतः लव्हाळ्यात दडून बसतो. मी ओरडते. वरून जाणाऱ्या पाखरांना वाटतं, खाली आपल्यातलंच कुणीतरी निवांत चरतंय, म्हणजे भीती नाही. ती उतरतात आणि मालक जाळं ओढतो. मी ओरडावं म्हणून मला आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवतात. जाळं भरलं की दाणे मिळतात.

"हिच्या घशात सोनं आहे," मालक एकदा कौतुकाने म्हणाला.

"असू दे. पण रात्री लाडाने खायला घालू नका," मालकीणबाई म्हणाल्या. "पोट भरलं की तुमचं सोनं झोपा काढतं."

मालकीणबाईंची काठावर खाणावळ आहे. सुट्टीत शहरातली मंडळी येतात. जुना दगडी पूल बघतात, बंद पडलेल्या पाणचक्कीला टेकून फोटो काढतात, सकाळी दुर्बिणी लावून रानबदकं न्याहाळतात आणि "काय देखणी आहेत हो," म्हणून हळवी होतात. दुपारी तीच देखणी पाखरं ताटात आली की बोटं चाटतात. जाळं ओढायची आमची रीत फार जुनी, म्हणून तीही बघण्यासारखी गोष्ट ठरली. लव्हाळ्याआड पाहुण्यांसाठी बाकडी आली. लोक माझ्याकडे बोट दाखवायचे, माझ्या आवाजाची तारीफ करायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

मग एका उन्हाळ्यात मला पिलं झाली. उन्हाळ्यात काम नसतं, दोरी सुटते. पंखाला इजा झालेला एक रानटी नर थव्यामागे राहिला होता, त्याच्याशी माझं जमलं. लव्हाळ्यात मी अंडी उबवली. पिलं बापासारखी तपकिरी निघाली, फक्त प्रत्येकाच्या मानेवर माझा पांढरा पट्टा होता. मालकीणबाई टोपली घेऊन काठावर आल्या की मी जिवाच्या आकांताने ओरडायचे, पिलं सुळकन लव्हाळ्यात पसार व्हायची. त्या गेल्या की मी गप्प व्हायचे, आणि पिलं एकामागून एक माझ्या पंखाखाली शिरायची. मी त्यांना एवढंच शिकवलं. आई ओरडली की पळायचं, आई गप्प असली की जवळ यायचं. त्यांचा बाप त्या टोपलीतून वाचला नाही, पिलं मात्र सगळी वाचली. पंखांत बळ आल्यावर ती उडून गेली, आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या थंडीत एका सकाळी मी खुंटीला होते. पोटात आग पडली होती. बाकडी पाहुण्यांनी भरलेली होती. पुलाकडून थवा आला आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागला. मी चोच उघडली, तेवढ्यात मला माना दिसल्या. पांढऱ्या पट्ट्यांच्या.

मी चोच घट्ट मिटली. मालकाने लव्हाळ्यातून दोरीला हिसका दिला. "अगं बाई, ओरड ना," तो दबक्या आवाजात म्हणाला. दुसऱ्या हिसक्याला पाय सोलून निघाला, तरी मी हूं की चूं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी उपाशीपोटी गप्प होते. मला माझाच अभिमान वाटला.

थवा पुढे निघाला. पण पांढऱ्या पट्ट्यांची पाखरं त्यातून वेगळी झाली, वळली आणि थेट माझ्याजवळ उतरली. एकामागून एक, लहानपणी यायची तशी. सगळ्यात धाकटीने तर माझ्या पंखाखाली डोकं घातलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओरडले, पण जाळं आधीच पडलं होतं. कडेची दोघं निसटली, बाकीची तिथेच सापडली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत? आज न बोलावताच आली," मालक म्हणाला.

मालकीणबाईंनी एकीची छाती दाबून पाहिली. "कोवळी आहेत. पटकन शिजतील."

त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जास्त दाणे मिळाले. भूक लागली होती, मी खाल्ले.

निसटलेली दोघं अजून कुठेतरी आहेत. म्हणून आता मी रोज ओरडते. उपाशी असले तरी ओरडते, पोट भरलेलं असलं तरी ओरडते, घसा फाटेपर्यंत ओरडते. ती वरून जात असली तर ऐकतील आणि लांब पळतील. खाली मात्र दुसऱ्यांची पिलं उतरतात. जाळं कधी नव्हे इतकं भरतंय. मालक पाहुण्यांना सांगतो की म्हातारपणी हिचा आवाज खुलला.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी नदीकाठी फिरायला याल. पूल बघा, पाणचक्की बघा, पोटभर जेवा. तुम्हाला अडवणारी मी कोण? फक्त एक विनवणी आहे. माझा आवाज ऐकून, ही पाखरांना बोलावते आहे, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर ते खरं मानू नका. मी फक्त दोघांना सांगते आहे, येऊ नका. बाकीच्यांची काळजी त्यांच्या त्यांच्या आयांनी घ्यावी.