अठरा बिल्ल्यांची पिशवी

मी एक जुनी रेक्झिनची पिशवी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की उसासे टाकतात, गेले ते दिवस म्हणून डोळे पुसतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझे दिवस गेले नाहीत, ते नासवले गेले. कुणी नासवले तेही मी सांगणार आहे.

माझा जन्म सीटवाल्या मावशींच्या दुकानात झाला. मावशी मोटारसायकलींच्या सीटना कव्हर शिवत. दुकान एवढे अरुंद की गिऱ्हाईक आत आले की मावशींना मशीन पुढे सरकवावे लागे. एका स्कूटरच्या सीटमधून उरलेला काळा तुकडा त्यांनी घेतला, आतून जाड सुती अस्तर लावले आणि तोंडाला नाडी ओवली. तोंड मुद्दाम लहान ठेवले. एक हात मनगटापर्यंत जावा, पण डोळा आत जाऊ नये, एवढेच.

मला शिवायचे कारण होते एक भांडण. गावाबाहेर बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचे मोठे आवार होते. तिथे दर दुसऱ्या रविवारी लहान मोटारसायकलींच्या शर्यती होत. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या, आठवडाभर कामावर नेलेल्या. रविवारी दिव्याच्या काचेवर चिकटपट्टी मारायची, आरसे काढून ठेवायचे आणि पळवायच्या. चालवणारे म्हणजे एक गॅरेजवाला, दोन मास्तर, एक औषधविक्या, घरोघर पत्रे पोचवणारी एक टपालवाली, अशी अठरा माणसे.

आता नीट ऐका, कारण सगळे पाणी इथेच मुरते. सुरुवातीच्या रेषेपासून ऐंशी पावलांवर डावीकडे एक अवघड वळण होते. तिथून एका वेळी तीनच गाड्या सुखाने निघत. पहिल्या रांगेत उभे असलेले तिघे वळून जात आणि मागचे पंधरा धुळीत एकमेकांच्या हँडलात हँडल अडकवत. म्हणजे कोण कुठे उभा राहणार यावरच निम्मी शर्यत ठरे.

आधी जो लवकर येईल तो पुढे उभा राही. मग माणसे पहाटेपासून येऊन बसू लागली. टपालवाली घरी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे सगळे उरकून येई, म्हणून ती कायम शेवटी. मग घड्याळ लावून एकेकट्याला पळवले, सर्वात वेगवान तो पुढे. त्यात ज्याचे टायर नवे तो पुढे, आणि पुढे उभा राहिला म्हणून शर्यतीतही पुढे. एका रविवारी औषधविक्या आणि धाकटे मास्तर यांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली.

तेव्हा लेथवाले काका मध्ये पडले. काका लेथवर पितळ कातत, आणि शर्यत सुरू करायचा झेंडा त्यांच्या हाती असे.

"पहिल्या शर्यतीत नशीब," काका म्हणाले. "चिठ्ठी काढल्यासारखं पिशवीतून आकड्याचा बिल्ला काढायचा. दुसऱ्या शर्यतीत त्याच नशिबाची उलटी बाजू. ज्याला एक आला तो अठराव्या जागी, अठरावा पहिल्या जागी. दोन्हींचे गुण मिळवायचे आणि ज्याने जास्त कमावले तो तिसरीत पुढे."

"आणि पिशवीत कुणी बोटांनी आकडा चाचपला तर?" गॅरेजवाल्याने विचारले.

"आकडा कोरणारच नाही. रंगाने काढीन, वरून वार्निश. चाचप किती चाचपायचं ते."

काकांनी अठरा बिल्ले कातले. बोटाच्या पेराएवढे जाड, एकसारखे, वजनाला रतीभर फरक नाही. सहा वर्षे ते माझ्या पोटात खुळखुळले. ती सहा वर्षे मात्र मी ताठ मानेने जगले. अठरा हात आत येत. कुणाचा ग्रीसने चिकट, कुणाचा खडूने कोरडा. टपालवालीचा हात खरखरीत होता आणि तो कधी शोधत बसत नसे. हाताला लागेल तो बिल्ला उचलून ती बाजूला होई. सतरावा आला तरी तिच्या कपाळावर आठी नसे. म्हणायची, "चला, दुसरीत दुसरी." दोनदा तिने आवारातली सर्वात मोठी ढाल जिंकली. हरलेले कुरकुरत, पण माझ्याकडे बोट कुणी दाखवले नाही.

पुढे काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले आणि ते लेकीकडे राहायला गेले. कारभार शर्यत मंडळाच्या सचिवांकडे आला. सचिवांचा पाण्याच्या बाटल्यांचा धंदा होता. दर शर्यतीला ते बर्फाची पेटी भरून बाटल्या फुकट वाटत. फुकटचे पाणी प्यायलेला माणूस लवकर मिंधा होतो, हे मी तिथे शिकले. सचिवांचा भाचाही शर्यतीत उतरे. पोरगा वाईट चालवत नसे, पण पुढून सुटला तरच.

सचिवांनी पहिला घाव घातला तो उलट्या रांगेवर. "कशाला तो घोळ? वेळ जातो, पेट्रोल जातं. एकदा बिल्ला काढला की तिन्ही शर्यतींना तोच." माना डोलल्या. टपालवाली तेवढी म्हणाली, "मग पहिल्या बिल्ल्यातच सगळं आलं, साहेब." सचिव हसले आणि तिच्या हातात गार बाटली दिली.

दुसरा घाव माझ्या पोटात होता. त्या दिवशी ऊन असे होते की पेट्रोलच्या टाकीवर हात टेकवत नव्हता. सचिवांनी बिल्ले माझ्यात ओतले. सतरा बिल्ले गरम होते आणि एक बर्फासारखा थंड. माझ्या अस्तराला चटका बसावा तसा तो लागला. "नोंदणीच्या क्रमाने या," सचिव म्हणाले, आणि नोंदणीत पहिले नाव भाच्याचे. त्याचा हात आत आला, बोटे फिरली, थंड बिल्ल्यावर थांबली. बाहेर निघाला तो दोन नंबर.

दर वेळी हेच. चोर पक्का होता, दर वेळी एक नंबर काढत नसे. कधी दोन, कधी तीन, कधी एक. पहिली रांग मिळाल्याशी मतलब.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते नाडीने बांधायचे तोंड आहे. मी काय करणार होते? पोटात चोरी घेऊन टेबलावर बसायचे आणि लोक माझ्याकडे विश्वासाने बघताना बघायचे. आणि खरे सांगू? मला सचिवांपेक्षा जास्त राग आला तो औषधविक्याचा. तो नोंदणीत दुसरा होता. त्याचे हात नेहमी कोरडे असत, आणि भाच्याच्या पाठोपाठ माझ्यात हात घातल्यावर त्याला अस्तर ओले लागे. त्याने एकदा बोटे नाकाजवळ नेली, मग शर्टाला पुसली. त्याला कळले होते. तो मूग गिळून बसला, कारण त्याच्या दुकानातल्या बाटल्या सचिवांकडून येत.

मग तो रविवार आला. टपालवालीला सोळावा बिल्ला आला. उलटी रांग नव्हतीच, म्हणून तिसऱ्या शर्यतीतही ती सोळाव्या जागी. वळणावर तिच्यापुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या. तिने ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, आणि मागून आलेल्या गाडीचे चाक तिच्या खांद्यावरून गेले. गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले, खांदा निखळला. तिला गॅरेजवाल्याच्या टेम्पोत घालून नेले.

सगळे टेबलापाशी जमले. सचिवांनी मला उचलून नाडी आवळली आणि म्हणाले, "नशिबाचा खेळ आहे. पिशवीने दिलं ते घ्यायचं."

पिशवीने. म्हणजे मी. त्या एका वाक्याने जो राग माझ्यात भरला तो अजून उतरलेला नाही.

दोन आठवड्यांनी पुढची शर्यत होती. टपालवाली हात गळ्यात बांधून बघायला आली होती, सोबत मावशी होत्या. सचिवांनी बिल्ले ओतले, नाडी ओढली, आणि ती त्यांच्या हातातच तुटून आली. मी काही केले नाही. सहा-सात वर्षांची नाडी, तुटायची ती तुटली.

"द्या इकडे," मावशी पुढे होत म्हणाल्या. "दोन मिनिटांत नवी ओवते."

"राहू द्या मावशी, नंतर बघू."

पण मावशींनी मला घेतलेच होते. एक हात तोंडाशी, एक तळाखाली. आणि तो तळहात जागच्या जागी थांबला. चाळीस वर्षे रेक्झिन हाताळलेला हात होता तो.

"ही ओली कशी?" मावशींनी विचारले.

"घाम असेल कुणाचा."

"अजून कुणी हात घातलाच कुठंय?"

सचिव काही बोलायच्या आत मावशींनी मला टेबलावर उलटी केली. अठरा बिल्ले खणखणत पडले. त्यांनी एकेकावर बोट टेकवत नेले आणि एका बिल्ल्याशी थांबल्या. तीन नंबर. त्याच्यावर दव धरले होते.

"या, सगळ्यांनी हात लावून बघा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

माणसे एकेक करून पुढे आली. गॅरेजवाला आला, मास्तर आले. औषधविक्या आला आणि हात न लावताच मागे सरला. भाचा जमिनीकडे बघत होता.

"सावलीत राहिला असेल," सचिव म्हणाले.

"एकटाच?" मावशींनी विचारले.

सचिवांनी मग काखा वर केल्या. उलट आवाज चढवला. आपण एवढे पाणी पाजले, आपल्यावर संशय, वगैरे. कुणीतरी भाच्याची गाडी जाळायची भाषा केली. तेव्हा टपालवाली पुढे आली. तिला मोठ्याने बोलले की खांदा दुखे, म्हणून ती हळूच बोलली आणि सगळ्यांना गप्प व्हावे लागले.

"मला कुणाची माफी नको," ती म्हणाली. "उलटी रांग परत लावा. पिशवी दर वेळी सगळ्यांसमोर उलटी करा. आणि नोंदणीचा क्रम बंद करा."

हात वर झाले. अकरा बाजूने, तीन विरुद्ध, बाकीचे आभाळाकडे बघत होते. त्या आभाळाकडे बघणाऱ्यांना मी विसरलेली नाही. सचिवांनी राजीनामा फेकला आणि गडबडीत मला बर्फाच्या पेटीत कोंबून घरी नेले. बिल्ले टेबलावरच राहिले.

पुढचे वर्ष मी त्यांच्या गॅलरीत खिळ्याला लटकले. सचिवांच्या बायकोने माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. "चांगली आहे हो पिशवी, कुठून आणलीत?" तिने विचारले. "पडून होती," ते म्हणाले. उन्हाने माझे रेक्झिन तडकले, तळाची शिवण उसवली. दोऱ्यावर वाळणाऱ्या बनियनांकडे बघत मी दिवस काढले.

मला तिथून काढले भाच्याने. एके दुपारी त्याने चिमटे खुर्चीवर ओतले, मला शर्टात लपवले आणि मावशींच्या दुकानात नेऊन टेबलावर ठेवले. मावशींनी मशीन थांबवले नाही.

"मी परत येऊ का शर्यतीला?" त्याने विचारले.

"मला काय विचारतोस? मला कुठं लागलंय?"

तो टपालवालीच्या घरी गेला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, मी दुकानातच होते. मावशींनी माझा तळ नव्या तुकड्याने शिवला आणि नाडी बदलली.

आता बिल्ल्यांची पिशवी टपालवाली धरते. तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. वळणावर हँडल तिला आवरत नाही, म्हणून ती गाडी पळवत नाही. पत्रे अजून वाटते, टपालाची पिशवी दुसऱ्या खांद्याला लावून. शर्यतीआधी ती मला उलटी करून झटकते, बिल्ले टेबलावर पसरते, सगळ्यांना हात लावू देते, मग भरते.

पहिल्यांदा भाचा समोर आला तेव्हा रांग अवघडून गेली. "ताई, मी..." त्याने सुरुवात केली.

"हात घाल," ती म्हणाली. "रांग खोळंबलीय."

त्याचा हात घामाने भिजला होता. त्याने बघितले नाही, चाचपले नाही. सतरावा आला. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू. तो धुळीत गेला आणि चौदावा आला. पण दुसऱ्या शर्यतीत उलटी रांग होती, आणि उलट्या रांगेत सतराव्याची जागा दुसरी. मला ते मुळीच आवडले नाही. माझ्या हातात असते तर मी त्याला वर्षभर शेवटी उभा केला असता. टपालवाली मात्र धड असलेल्या हाताने त्याला पहिल्या रांगेतली जागा दाखवायला स्वतः रेषेपर्यंत चालत गेली.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच मागणे आहे. मला तेलपाणी करा, उन्हात ठेवू नका, असे मी म्हणणार नाही. जिथे तुमची पाळी दुसऱ्या कुणाच्या हातातून ठरते, तिथे पुढे होऊन म्हणा, पिशवी उलटी करून दाखवा. धरणारा खरा असेल तर हसून दाखवेल. तो चिडला, तर तुम्ही आभाळाकडे बघू नका. त्या रविवारी एकाने जरी वेळेवर ओले बोट वर केले असते, तर सोळाव्या जागेवरची ती बाई आज शर्यतीत गाडी पळवत असती.