दुसरी घागर

‘तापी जठे जास, तठेच मना भूषण जाई,’ कौतिकआबा म्हणायचे, तेव्हा लेक भूषण त्यांच्या खांद्यावर मावायचा. नवऱ्याचा तोच आवाज कानात घोळत होता आणि आरशापुढे वच्छलाबाईंचं कुंकवाचं बोट अधांतरी थांबलं होतं. पुसलेल्या कपाळाला पुन्हा कुंकू, तेही ऐन अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला!

"लावा आत्या," सून मेघा म्हणाली. "फोन येईलच आता."

तापीसारखा भूषण खरंच समुद्राला गेला, मालवाहू जहाजावर खलाशी झाला. लढाईत शत्रूची बंदरं कोंडून बसलेल्या एका परक्या नौदलाने तिकडे निघालेलं त्याचं गव्हाने भरलेलं जहाज संक्रांतीच्या सुमारास धरलं. जहाजाचा निकाल त्यांच्या नौदलाच्या कोर्टात लागायचा. तोवर माणसंही जहाजावरच. बातमी ऐकून कौतिकआबांनी अंथरूण धरलं आणि होळीआधीच ते गेले. भूषणला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला घरी बोलू देणार होते ते आज पहिल्यांदाच.

"सुटून येईपर्यंत सांगायचं नाही," मेघाने बजावलं होतं. "तिथं त्यांना सावरायला कोण आहे?"

तिने भिंतीवरचा हार घातलेला फोटो उतरवून आत ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर वाढलेली दाढी, खोल गेलेले डोळे. मागे गणवेशातला अधिकारी.

"कितला सुकाई ग्या रे भाऊ!" वच्छलाबाई लेकाला म्हणाल्या.

"हिंदी!" अधिकारी गुरकावला.

"हिंदी में बोल, माय. साहेब को हिंदी आता, सब समझना मंगता, नहीं तो बंद कर देंगे." भूषण हसला. "जहाज भर के गेहूँ है, और खाने को रोज चावल!"

वच्छलाबाई हसल्या. पदराचं टोक मात्र मुठीत चुरगळत गेलं.

"आबा किधर?"

"खेत में," मेघा चटकन म्हणाली.

"अखाजी के दिन? आज तो बैल भी खेत में नहीं जाता."

भूषणची नजर दोघींच्या मागे सरकली आणि तिथंच खिळली. गेलेल्या माणसाच्या नावाने अखाजीला पाण्याची घागर भरायची, ही घरची रीत. दरसाल आजोबांची एक असायची. आज तिच्या शेजारी दुसरी होती, नवी कोरी, वर खरबूज ठेवलेली. फोटो आठवणीने उतरवला होता. सकाळीच पूजलेली घागर कुणाच्या ध्यानातच आली नाही.

"माय," त्याचा आवाज खाली गेला. "एक आजानी. दुसरी कोनी शे?"

गल्लीतल्या झोक्यावर पोरी गात होत्या.

भूषणने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आत काही हलतंय का ते चाचपत असल्यासारखा.

"मनी भरी का, माय? तुमीन समजनात मी मरी गऊ?"

"हिंदी!" मागून आरोळी आली. फोनकडे एक हात पुढे झाला.

वच्छलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"तुनी नही रे बाप्पा," त्या म्हणाल्या. "तुना आबानी शे."